टायमिंग किती आलं?

बाहेरगावी मॅरेथॉन धावायला जाणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. जायच्या आधी घरचे विचारतात, "अरे, धावायला एवढ्या लांब कशाला? इथे रस्ते नाहीत का?" आणि सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी कुणीतरी विचारतं, "मग? टायमिंग किती आलं?"

पहिल्या प्रश्नावर आपण नुसतं हसतो. मावशीला काय कळतंय धावण्यातलं, असा एकंदर आविर्भाव. दुसऱ्याचं उत्तर मात्र सेकंदासकट तयार असतं. माझं मत बरोबर उलटं आहे. मावशीचा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे आणि त्याचं नीट उत्तर आपल्याकडे असायलाच हवं. आणि बाहेरगावच्या रेसबद्दल विचारण्यासारखा सगळ्यात बिनकामाचा प्रश्न कुठला असेल, तर तो टायमिंगचा.

आता थोडी पार्श्वभूमी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेली चारेक वर्षं धावतोय. वर्षातून तीन-चार हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, आणि आजवर एकच फुल, म्हणजे ४२.१९५. पायात वीज वगैरे काही नाही. पोडियमवर उभं राहण्याची माझी शक्यता ही रिलीजच्या दिवशी वेळेवर घरी जाण्याच्या शक्यतेइतकीच आहे :) तेव्हा हे सगळं माझ्यासारख्या, म्हणजे गर्दीच्या मधोमध धावणाऱ्या लोकांबद्दल आहे. जे जिंकायला धावतात त्यांचं गणित वेगळं, त्यांना वेळ हवीच.

आधी एक कबूल करू. आकडा वाईट नसतो. बाणेर-पाषाण लिंक रोडवरून निघून पाषाणकडून परत येणारा माझा एक ठरलेला लूप आहे. रस्ता तोच, चढ तेच, निघायची वेळ पहाटे साडेपाचची, कुत्रीसुद्धा तीच. तिथे मागच्या महिन्यापेक्षा दोन मिनिटं कमी लागली तर त्याला अर्थ आहे. बाकी काही बदललेलं नाही, बदललोय तो फक्त मी. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच मशीनवर तीच टेस्ट दोनदा चालवली, त्यामुळे निकालांची तुलना करता येते.

पण तीच टेस्ट वेगळ्या मशीनवर, वेगळ्या नेटवर्कवर चालवायची आणि मग दोन आकडे शेजारी शेजारी एक्सेलमध्ये टाकायचे, हे ऑफिसात कुणी केलं तर आपण त्याला दारात उभं करणार नाही. रविवारी मात्र आपण सगळे नेमकं हेच करतो.

माझेच आकडे घ्या. पुण्यात माझी हाफ साधारण दोन तास दहा मिनिटांत होते. साताऱ्यात दोन पन्नास लागले. हैदराबादला दोन तास एकतीस. लेहला दोन अठ्ठावन्न. हे एका ओळीत वाचलं तर वाटेल, काय हा माणूस, दरवेळी खालीच चाललाय. प्रत्यक्षात या आकड्यांत मी फार कमी आहे आणि ती गावं खूप जास्त आहेत.

साताऱ्यापासून सुरुवात करू, कारण पुणेकरासाठी ती सगळ्यात जवळची. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि तिथून वळून परत. म्हणजे पहिला अर्धा भाग जवळजवळ सगळा चढ आणि दुसरा अर्धा उतार. नवख्या माणसाला वाटतं की अर्धा रस्ता उतार म्हणजे फुकटची कमाई. तसं नसतं. चढताना दम लागतो, पण दम दोन मिनिटांत परत येतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक मारत असतो आणि त्यातच त्याचे सूक्ष्म धागे फाटतात. त्याचं बिल त्या दिवशी येत नाही, मंगळवारी येतं. ऑफिसचा जिना उतरताना रेलिंग धरून उतरणारा माणूस दिसला तर समजा, साताऱ्याहून आलाय.

पण मला साताऱ्याबद्दल हे सांगायचंच नाहीये. मला सांगायचंय ते हे, की त्या घाटातून मी त्याआधी चार वेळा गाडीने गेलो होतो. कासची फुलं बघायला जाताना तो रस्ता म्हणजे ट्रॅफिक जॅम, हॉर्न आणि "अजून किती?" एवढंच. पायाने चढताना पहिल्यांदा कळलं की घाटाला वळणं किती आहेत, धुकं कुठे सुरू होतं, कुठल्या वळणावर गाव एकदम पायाखाली येतं आणि समोर अजिंक्यतारा दिसतो. उतरताना गावात शिरलो तर दोन्ही बाजूंना लोक. रविवारी सकाळी, पावसात, छत्र्या घेऊन. एक आजोबा प्रत्येकाच्या बिबवरचा नंबर मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक नंबरला "शाब्बास!" म्हणत होते. माझा चार आकडी नंबर त्यांनी असा काही वाचला की जणू दहावीच्या बोर्डाचा निकाल लावतायत. आता यातलं घड्याळात काय नोंदलं जातं? दोन तास पन्नास.

हैदराबादची मॅरेथॉन ऑगस्टच्या अखेरीस असते. हुसेनसागरच्या काठाने, नेकलेस रोडवरून निघायचं आणि पश्चिमेला गच्चीबावलीच्या स्टेडियमकडे जायचं. नकाशात बंजारा हिल्स, ज्युबिली हिल्स ही नावं वाचताना आपण 'हिल्स'कडे दुर्लक्ष करतो. आपल्याला ते बिल्डरने ठेवलेल्या नावासारखं वाटतं. हैदराबाद खरोखरच खडकाळ टेकाडांवर वसलंय आणि त्यात भर म्हणून उड्डाणपूल. एक चढलो, उतरलो, की दुसरा समोर उभा. आणि ऑगस्टची दमट हवा. शरीर थंड राहतं ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. हवेत आधीच बाष्प असलं की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. मग हृदय जास्तीचं रक्त त्वचेकडे पाठवत राहतं आणि पायांच्या वाट्याला कमी येतं. त्यामुळे पुण्याच्या थंडीत ज्या पेसला गप्पा मारता येतात, त्याच पेसला तिथे 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलता येतं.

आमच्या ग्रुपमधला एक मित्र तिथे पुण्याचा पेस मनगटावर बांधून गेला होता. दोन तासांच्या आत हाफ करायचीच, असा पण. चौदाव्या किलोमीटरपर्यंत तो वेळेत होता. अठराव्या किलोमीटरला मला तो दिसला तेव्हा रस्त्याच्या कडेला बसलेला होता, शुद्धीत, पण दिवस कुठला हे सांगताना जरा अडखळत होता. स्वयंसेवकांनी त्याला मेडिकल तंबूत नेलं, बर्फ लावला, सलाइन लावलं. दुपारपर्यंत तो ठीक झाला आणि संध्याकाळी इराणी चहा प्यायला आमच्याबरोबर आलासुद्धा. पण उष्माघात ही गंमत नाही. त्यात माणसं जातात. म्हणून टायमिंगचा प्रश्न मला नुसता कंटाळवाणा वाटत नाही, धोक्याचाही वाटतो. दुसऱ्या गावचा आकडा या गावात वसूल करायला गेलं की शरीर मध्ये सापडतं.

मुंबई. मी जी एकुलती एक फुल धावलो ती जानेवारी २०२३ मधली. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे 'मॅरेथॉन' हा शब्द घराघरात पोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. (आमच्या पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन त्याच्या कितीतरी आधीची, १९८३ पासूनची आहे. हे पुणेकर म्हणून नोंदवणं भाग आहे.) पहाटे अंधारात सीएसएमटीपासून निघायचं, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी करत सी लिंकवर चढायचं, वांद्र्याहून माहीम-प्रभादेवीमार्गे परत खाली यायचं. सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी आहे, बाइकलाही बंदी आहे. वर्षातल्या त्या एका सकाळी तिथे पायाने जाता येतं. दोन्ही बाजूंना समुद्र, वर त्या केबल्स, आणि शेकडो बुटांचा एकसारखा चप-चप आवाज. गाड्यांच्या आवाजाशिवाय तो पूल कसा असतो हे मुंबईत जन्म काढलेल्या लोकांनाही माहीत नसतं.

आणि मग परतीचा पेडर रोड. टॅक्सीत बसून गेलं तर दक्षिण मुंबई सपाट वाटते. तीसेक किलोमीटर पायात घेऊन पेडर रोडला लागलं की कंबाला हिल या नावाचा अर्थ उलगडतो. तेव्हा ऊन वर आलेलं असतं, समुद्रावरची दमट हवा असते आणि शरीरातली साखर संपत आलेली असते. नेमक्या त्या चढावर तिथले रहिवासी खाली उतरून उभे होते. संत्र्याच्या फोडी, मीठ, बर्फ, चिक्की, दुखणाऱ्या पायावर मारायचा स्प्रे. एक सात-आठ वर्षांची मुलगी ताटलीत खजूर घेऊन उभी होती आणि तिची आई तिला सांगत होती, "दमलेल्यांना आधी दे." ती माझ्याकडे आली, म्हणजे माझा अवतार काय असेल ते समजून घ्या. ती फुल मला पाच तास वीस मिनिटं लागली. मुंबईत माझं काय झालं असं विचाराल तर मी त्या मुलीबद्दल सांगेन.

लेहचं प्रकरण सगळ्यात टोकाचं. लडाख मॅरेथॉन २०१२ पासून सप्टेंबरमध्ये होते. लेह साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर. समुद्रसपाटीशी तुलना केली तर हवेचा दाब तिथे जवळजवळ एक तृतीयांशाने कमी, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी धावायचं असं तिथे चालत नाही. शरीराला जुळवून घ्यायला दिवस द्यावे लागतात. मी आठवडाभर आधी गेलो होतो. वर्षाच्या रजांपैकी मोठा वाटा तिथेच गेला. मॅनेजरला कारण सांगताना 'ट्रेक' सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, कारण "एकवीस किलोमीटर धावायला आठ दिवस?" या प्रश्नाला मीटिंग रूममध्ये पटेल असं उत्तर नव्हतं.

पण तेच तर लेहने दिलं. पहिले दोन दिवस नुसतं चालायचं, पाणी प्यायचं, झोपायचं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आमालेंनी (तिकडे आईच्या वयाच्या बाईंना असंच म्हणतात) पहिल्या दिवशी मला जिना दोनदा चढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी बाजार, चौथ्या दिवशी थोडं पळून बघितलं. २०१० च्या ऑगस्टमध्ये इथे ढगफुटी झाली तेव्हा पाणी आणि चिखल कुठपर्यंत आला होता, हे एका दुकानदाराने हाताने दाखवलं. रेसच्या दिवसापर्यंत त्या गावातले दहा-बारा चेहरे ओळखीचे झाले होते. गाव उतारावर वसलंय, खाली सिंधू नदी, त्यामुळे जाताना सोपं आणि परत येताना चढ. शेवटचा चढ मी चालत चढलो. बाजूला शाळेची मुलं ओळीने हात पुढे करून उभी होती आणि टाळी देत "जुले!" ओरडत होती. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. पुण्यापेक्षा पाऊण तासाहून जास्त. यात मी 'हळू' कुठे होतो ते मला अजून कळलेलं नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही हौशी लोक, तुमचं ठीक आहे. खऱ्या धावपटूंना असला फरक पडत नाही. पडतो की! एल्यूड किपचोगेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने बर्लिनला दोन तास एक मिनिट नऊ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून विश्वविक्रम केला. बर्लिनचा रस्ता सपाट, हवा गार. सातच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, तोच माणूस बॉस्टनला धावला. तिथे आधी उतार, मग न्यूटनचे चढ, त्यात त्या दिवशी पाऊस. दोन तास नऊ मिनिटं तेवीस सेकंद, सहावा क्रमांक. आठ मिनिटांचा फरक. त्या पातळीवर आठ मिनिटं म्हणजे युगं. मान्य, वाईट दिवस प्रत्येकाचा असतो. पण बर्लिन आणि बॉस्टन ही दोन वेगळी कोडी आहेत.

आणि हे ॲथलेटिक्सच्या नियमांनाही मान्य आहे. २०११ मध्ये बॉस्टनलाच जेफ्री मुताई दोन तास तीन मिनिटं दोन सेकंदांत धावला. तोवर मॅरेथॉन एवढ्या वेगात कुणी पूर्ण केली नव्हती. तरी तो विश्वविक्रम धरला गेला नाही. कारण बॉस्टनचा रस्ता एका गावातून निघून दुसऱ्या टोकाला संपतो, म्हणजे पाठीवर वारा असला तर तो सगळ्या रस्त्याला मिळू शकतो, आणि निघण्याच्या जागेपेक्षा पोचण्याची जागा बरीच खाली आहे. नियमानुसार विक्रमासाठी किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही. थोडक्यात, सगळ्या जगातल्या सगळ्यात वेगवान आकड्यालाही विचारलं गेलं, "बाबा रे, तू कुठल्या गावचा?" मग माझ्या दोन पन्नासला हा प्रश्न ऑफिसात कुणीच का विचारत नाही?

आता समोरची बाजू. माझी एक टीममेट आहे, माझ्यापेक्षा कितीतरी वेगात धावते. हे सगळं मी तिला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "तुला आकडा नको असणं परवडतं. मला तो हवाय." तिचं म्हणणं असं : तिच्या सोसायटीबाहेर पहाटे पाच वाजता एकटीने पळायचं म्हणजे कुठला रस्ता उजेडाचा, कुठे टपरीवर कोण बसलेलं असतं, हेडफोन लावायचे की नाही, हा सगळा हिशोब डोक्यात चालू. पूर्ण जोर लावून ती कधी धावूच शकत नाही, कारण अर्धं लक्ष मागे असतं. बाहेरगावच्या रेसला रस्ता बंद असतो, दर थोड्या अंतरावर स्वयंसेवक असतात, आजूबाजूला हजारो लोक. "तिथेच मला कळतं, माझे पाय खरे किती पळतात."

हे ऐकून मी गप्प बसलो. याला उत्तर नाही, कारण ती म्हणते ते खरं आहे. आणि तिच्या त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. तो तिच्या आणि दुसऱ्या कुणाच्या तुलनेचा नाही, तर आपल्या शहराने तिच्याकडून काय काढून घेतलंय त्याची ती मोजणी आहे. पण गंमत बघा, तिच्या बाबतीतही महत्त्वाचं ठरलं ते ठिकाणच. कुठला रस्ता, कुणी मोकळा करून दिला, कोण आजूबाजूला होतं. तिचा आकडासुद्धा ठिकाणाशिवाय वाचता येत नाही.

हे 'कुणी मोकळा करून दिला' जरा महत्त्वाचं आहे. मुंबईत माहीमच्या आसपास एका बॅरिकेडपाशी एक बाई उभ्या होत्या. एका हातात डबा, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. त्यांना पलीकडे जायचं होतं आणि आमची रांग काही संपत नव्हती. स्वयंसेवकाने शेवटी दोरी धरून फट केली आणि त्या धावत रस्ता ओलांडून गेल्या. म्हणजे त्या सकाळी त्यासुद्धा धावल्या, फक्त त्यांना मेडल नव्हतं. आपल्या हौसेसाठी एका गावाची अख्खी सकाळ अडवली जाते. दूधवाला अडतो, रिक्षावाल्याचा धंदा बुडतो, ड्यूटीला जाणारा माणूस लांबून जातो. आणि आपण गेल्यावर रस्त्यावर चिकटलेले कागदी कप आणि जेलची पाकिटं कुणीतरी वाकून उचलतं. एवढं सगळं घेऊन आपण परत काय देतो? शनिवारी रात्री हॉटेल, रविवारी रेस, मेडल दातात धरून फोटो, दुपारची बस, सोमवारी टायमिंग. गावाचं नाव टी-शर्टाच्या पाठीवर, बस्स.

म्हणून मावशीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे : मावशी, रस्ते इथेही आहेत. पण गाव पायाने बघायचं असेल तर गावाला जावं लागतं. आणि नुसतं टायमिंग काढायचं असेल, तर मात्र तुझं बरोबर आहे, घरीच थांबावं. स्वस्तही पडेल.

खर्चाचं सोंग आणता येत नाही, ते आपल्या पगारातही नाही. नोंदणी, प्रवास, एक-दोन रात्रींचं राहणं, झिजणारे बूट. साताऱ्याला एसटीने जाऊन येणं आणि लेहला विमानाने जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून मी वर्षातून एकच लांबचं ठेवतो, बाकी एसटी किंवा रेल्वेच्या टप्प्यातलं. आपल्या ग्रुपवर 'यंदा बारा शहरं' असं कुणी जाहीर केलं की मला कौतुकाआधी प्रश्न पडतो, त्यातल्या किती शहरांत हा सोमवारी सकाळी होता?

आणि कधीकधी गाव 'नको' म्हणतं. तेही ऐकावं. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीची हवा इतकी बिघडली की तिथली हाफ मॅरेथॉन पुढे ढकलावी असं डॉक्टरांच्या संघटनेनेच जाहीरपणे सांगितलं होतं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. रेस झालीच, हजारो लोक धावले, कित्येक मास्क लावून. जोरात धावताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणीसुद्धा नाही. तिकीट काढलंय, नोंदणीचे पैसे परत मिळणार नाहीत, म्हणून धावायचं, याला काय म्हणावं? तिथे हवेचा आकडा हा आपल्या टायमिंगपेक्षा मोठा आकडा असतो. बुडालेले पैसे बुडाले म्हणून सोडून देणं, हे आपल्याला प्रोजेक्टमध्येही जमत नाही, रविवारी कुठून जमणार, हे आहेच म्हणा.

तर मंडळी, उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो, पण आता इतकं लिहिलंच आहे तर मी काय करतो तेवढं सांगतो. रेस रविवारी असेल तर शक्यतो सोमवारची रजा टाकतो आणि तो दिवस त्याच गावात काढतो, जिथून धावलो त्याच रस्त्याने लंगडत चालत. पाण्याची छोटी बाटली स्वतःची नेतो, भरून घेतो, कप घेत नाही. जेवण हॉटेलच्या बुफेत नाही, गावात. साताऱ्याचे कंदी पेढे दोन किलो आणतो, एक ऑफिसला, एक घरी. (मेडलपेक्षा पेढ्यांनी जास्त लोकांचं मतपरिवर्तन झालंय, हा अनुभव आहे.) बॅरिकेडपाशी थांबलेलं कुणी दिसलं तर दहा सेकंद थांबून त्यांना आधी जाऊ देतो. दहा सेकंदांनी माझ्या पाच तास वीस मिनिटांचं काय बिघडणार होतं?

आणि घड्याळ? ते लावतो, पण पेसची स्क्रीन बंद करून फक्त हृदयाचे ठोके दिसतील असं ठेवतो. ठोके कुठल्याही गावात खरं बोलतात. चढ असो, दमट असो, विरळ हवा असो, शरीराला किती पडतंय ते त्यात कळतं.

असो. उद्या रविवार. बाहेरगावी काही नाही, नेहमीचाच पाषाणचा लूप आहे, पंधरा किलोमीटर, पेसची स्क्रीन चालू ठेवून. आणि मागच्या महिन्यापेक्षा एक मिनिट जरी कमी लागलं, तर सोमवारी कॉफी मशीनपाशी कुणी विचारायच्या आधीच सांगणार आहे :)